यादी गठ्ठ्याने भरा, चूक त्याच दिवशी दाखवा

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या संगणक प्रणालीत गठ्ठ्याने भरून घेणे आणि सदोष नोंदी त्याच दिवशी गावाला कळवणे याबाबत.

महोदय,

मी जिंतूरचा. डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण त्यातला विषय एका कार्यालयाचा किंवा एका तालुक्याचा नाही. महसूल, कृषी, सहकार आणि माहिती तंत्रज्ञान या चारही विभागांशी त्याचा संबंध येतो आणि या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

जिंतूर तालुका परभणी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण याच तालुक्यात आहे, तरीही इथली बरीचशी शेती पावसावरच चालते. सोयाबीन, कपाशी, तूर ही खरिपाची पिके आणि त्यानंतर ओल असेल तर हरभरा. १ आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांना तिचा मोठा फटका बसला. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, पावसाने पुन्हा मराठवाड्याची शेते धुऊन नेली. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी आणि पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले की शेतकरी मदतीस पात्र, हे निकष आता गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले आहेत.

निकष कळतात, मदतीचा शासन निर्णयही निघतो. पण शासन निर्णय आणि शेतकऱ्याचे खाते यांच्या मध्ये एक यादी असते. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामे करतात. त्यातून गावाची यादी तयार होते : खातेदाराचे नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, पीक, आधार, बँक खाते. बहुतेक वेळा ती एक्सेलमध्ये असते. गावांच्या याद्या तहसीलला एकत्र होतात आणि पोर्टलवर चढवल्या जातात. मग प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला इकडे सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन शेतकरी सेवा केंद्रावर जातो, अंगठा लावून केवायसी करतो आणि त्यानंतर पैसे जमा होतात. २०२५ च्या ऑक्टोबरात शासनाने फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, असलेल्यांसाठी केवायसीची अट शिथिल केली, ते योग्यच झाले. यादी मात्र तरीही लागतेच.

या साखळीतल्या एकाच कडीबद्दल मला बोलायचे आहे : हजारो ओळींची यादी डेटाबेसच्या तक्त्यात शिरते तो टप्पा. बाहेरून तो क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात पुढच्या कित्येक आठवड्यांचा गोंधळ टळणार की वाढणार, हे तिथे ठरते.

डेटाबेसला एक नोंद भरायला सांगितली की तो काय काय करतो ते पाहा. आज्ञा नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत पोहोचते. तो ती वाचून तिचा अर्थ लावतो. गावाचा कोड खरा आहे ना, हे दुसऱ्या तक्त्यात जाऊन तपासतो. ओळ लिहितो. त्या तक्त्यावर जितके इंडेक्स, म्हणजे शोधसूच्या, असतील, त्या प्रत्येकात तिची नोंद करतो. शेवटी वीज गेली तरी नोंद हरवू नये म्हणून आपली रोजवही डिस्कवर पक्की उतरवतो आणि ‘झाले’ असा निरोप परत पाठवतो. याला कमिट म्हणतात. या साऱ्यात ओळ लिहिणे हे सर्वांत स्वस्त काम असते. महाग पडतात ते येण्याजाण्याचे हेलपाटे आणि कमिट.

मोंढ्यात शंभर पोती सोयाबीन न्यायचे असेल, तर कोणी एक पोते दुचाकीवर टाकून माप करून पावती घेत नाही आणि दुसऱ्या पोत्यासाठी घरी परतत नाही. ट्रॉली भरतो, काट्यावर नेतो, एक पावती घेतो. पण घाईत उभारलेल्या कितीतरी संगणक प्रणाली यादीची प्रत्येक ओळ स्वतंत्र आज्ञेने आणि स्वतंत्र कमिटने भरत बसतात. दहा ओळींवर चाचणी घेतली जाते, तेव्हा फरक जाणवतच नाही. खरी यादी आली की पडद्यावरचे चाक फिरत राहते.

हिशेब साधा आहे. यादी ५०,००० ओळींची आणि प्रत्येक हेलपाट्याला २० मिलिसेकंद धरले, तर नुसत्या जाण्यायेण्यात १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे जातात. कमिटचा वेळ त्याहून वेगळा. हजार-हजार ओळींचा गठ्ठा केला, तर ५० हेलपाटे होतात आणि त्यांना एक सेकंद लागतो. कमिटचे गणित तर याहून बोलके आहे. एसक्यूलाइट हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. त्याचे निर्माते आपल्या दस्तऐवजात सांगतात, की साध्या डेस्कटॉपवर तो सेकंदाला ५०,००० किंवा त्याहून अधिक नोंदी सहज भरतो, पण दर नोंदीला वेगळा कमिट केला तर हा आकडा काही डझनांवर येतो. कारण मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला प्रत्येक कमिटसाठी फिरून जागेवर यावे लागते. आजच्या एसएसडीवर हे अंतर घटते, नाहीसे होत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे दस्तऐवज म्हणतात, की फाइल भरण्यासाठी दिलेली ‘लोड डेटा’ ही आज्ञा ओळी भरणाऱ्या नेहमीच्या ‘इन्सर्ट’ आज्ञेपेक्षा साधारण २० पट वेगवान असते. पोस्टग्रेसमध्ये हेच काम ‘कॉपी’ करते, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘बल्क इन्सर्ट’, ओरॅकलमध्ये ‘एसक्यूएल लोडर’. यातले काहीही नवे नाही आणि यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. जे सॉफ्टवेअर शासनाच्या सर्व्हरवर चालते, त्यातच ही सोय असते.

आपण विचाराल, की मदत मिळायला आठवडे लागतात, तर १७ मिनिटांचे एवढे काय? उत्तर असे, की वेळ त्या १७ मिनिटांत जात नाही. त्यांच्यामुळे जे घडते त्यात तो जातो. वेबपान काही मिनिटे वाट पाहते आणि जोडणी तोडते. तोपर्यंत ओळ-ओळ कमिट झालेली अर्धी यादी आत गेलेली असते आणि अर्धी बाहेर. समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला कुठपर्यंत गेली ते दिसत नाही. त्याने पुन्हा चढवली तर काही नावे दोनदा जातात. नाही चढवली तर काही गावे राहून जातात. मग गावात चर्चा सुरू होते, की शेजाऱ्याचे आले, माझे का नाही. माणूस तलाठ्याकडे जातो, तलाठी तहसीलला पाठवतो, तहसीलला सांगतात की नाव पाठवले आहे. कोणीही खोटे बोलत नसते. प्रत्येकाच्या हातात यादीची वेगळी प्रत असते, एवढेच.

त्याहून गंभीर परिणाम असा, की भरणा अवघड असला की दुरुस्ती करायला कोणी धजत नाही. एका नावासाठी यादी पुन्हा चढवायची म्हणजे रात्र घालवायची, असे झाले की ‘पुढच्या यादीत बघू’ हे उत्तर ठरून जाते. भरणा मिनिटाभरात होत असेल, तर सकाळी चढवलेली यादी दुपारी दुरुस्त करून संध्याकाळी पुन्हा चढवता येते. वेग हवा तो यासाठी. सप्टेंबरात पीक गेलेल्या माणसाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे असते. त्याच्या नावापुढची चूक तेव्हा सुधारली तर मदत पेरणीला उपयोगी पडते. जानेवारीत सुधारली तर ती सावकाराच्या व्याजात जाते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी प्रत्येक कुटुंबाकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतला गेला. अर्जाची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली गेली. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रमाणपत्रे वाटली, पण अर्जातली माहिती आणि बँकेची माहिती जुळेना, म्हणून प्रत्यक्ष रक्कम जमा व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. जी माहिती बँकांच्या संगणकात आधीच गठ्ठ्याने होती, तीच लाखो लोकांनी रांगेत उभे राहून एकेक करून पुन्हा टाइप केली होती. मग दोन्हींचा मेळ घालायचे काम उरले.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, तेव्हा रस्ता बदलला. शेतकऱ्याकडून अर्ज मागितला नाही. बँकांनी आधार जोडलेल्या थकीत खात्यांच्या याद्या थेट पोर्टलवर दिल्या, तिथे त्यांची तपासणी झाली, गावनिहाय याद्या लावल्या गेल्या आणि शेतकऱ्याने फक्त आपली रक्कम बरोबर आहे असे सांगून अंगठा लावायचा, एवढेच काम त्याच्याकडे राहिले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन, अशा ६८ गावांची. तिच्यात १५,३५८ खाती होती. आधी थोड्या गावांवर प्रणाली पारखली आणि काही दिवसांत पुढची मोठी यादी आली. माहिती जिथे आहे तिथून गठ्ठ्याने उचला, आत घेतल्यावर तपासा, छोट्या तुकड्यावर आधी पारखा : या तिन्ही गोष्टी आपल्याच प्रशासनाने करून दाखवल्या आहेत. अतिवृष्टीच्या यादीसाठी नवे काही शोधायचे नाही, हीच शिस्त लावायची आहे.

गठ्ठ्याने भरण्याला एक रास्त आक्षेप घेतला जातो. एकेक ओळ तपासून घेतली तर चूक आत येत नाही, सगळे एकदम ओतले तर कचराही आत येईल. म्हणून जाणकार लोक यादी थेट मूळ तक्त्यात ओतत नाहीत. तिच्यासाठी आधी कच्चा तक्ता ठेवतात. त्यावर इंडेक्स नसतो, दुसऱ्या तक्त्याशी बांधणी नसते आणि सगळे रकाने साध्या मजकुराचे असतात. त्यामुळे यादी जशी आहे तशी सेकंदांत आत येते. एरवी ‘कॉपी’ची आज्ञा एका वाकड्या ओळीपायी सगळा गठ्ठा नाकारते. पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, वाकड्या ओळी वगळून पुढे जाण्याची सोय आली. कच्चा तक्ता मजकुराचा ठेवला, की तिची गरजही सहसा लागत नाही. तपासणी त्यानंतर, आत आलेल्या संपूर्ण यादीवर एकत्र करायची. खरी ओळ मूळ तक्त्यात जाते, सदोष ओळ कारणासह बाजूला निघते.

आणि एकत्र तपासणीला जे दिसते, ते ओळ-ओळ तपासणीला कधीच दिसत नाही. एका गटात चार भावांचे सामाईक क्षेत्र आहे. प्रत्येकाची ओळ स्वतंत्रपणे बरोबर दिसते, पण चौघांच्या बाधित क्षेत्राची बेरीज सातबाऱ्यावरच्या क्षेत्राहून जास्त भरते. एका शेतकऱ्याची थोडी जमीन बोरीच्या शिवारात आहे आणि थोडी चारठाण्याच्या. दोन तलाठी सज्जांच्या दोन याद्यांत तो मदतीच्या क्षेत्रमर्यादेच्या आत आहे, दोन्ही मिळून मर्यादेबाहेर आहे. एकच आधार क्रमांक पाच नावांपुढे पडला आहे. हे सगळे समोर असलेल्या यादीला विचारलेल्या एका प्रश्नात सापडते. प्रामाणिक शेतकऱ्याचे पैसे ज्या संशयापायी अडतात, तो असा एका प्रश्नात मिटतो.

काही चुका तर पूर्णपणे टाळता येण्याजोग्या आहेत आणि त्या चुका गावातले कोणी करत नाही, एक्सेल करते. बारा आकडी आधार क्रमांक साध्या रकान्यात टाकला, की एक्सेल तो घातांकाच्या रूपात दाखवू लागते. ते रूप तसेच फाइलमध्ये उतरले, की मूळ क्रमांक गेला. सोळा आकडी खाते क्रमांक असेल तर एक्सेल पंधरा आकडेच धरून ठेवते आणि शेवटच्या आकड्याचे शून्य करते. खाते शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी नावे युनिकोड प्रणालीत निरर्थक अक्षरे होऊन उतरतात. रकान्याचा प्रकार आधीच ‘मजकूर’ ठेवलेला एकच नमुना सगळ्या सज्जांना दिला, तर यातले बरेचसे थांबेल. आधारचा बारावा आकडा हा आधीच्या अकरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. त्यामुळे टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर आधारच्या सर्व्हरला न विचारताही कच्च्या तक्त्यात ते क्षणात कळते. ही तपासणी यादी चढल्याबरोबर व्हायला हवी. शेतकरी मजुरी बुडवून सेवा केंद्रावर जातो आणि अंगठा लावल्यावर त्याला ‘जुळत नाही’ हे कळते, असे होता कामा नये.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत :

१. यादीसाठी सर्व विभागांचा एकच फाइल-नमुना असावा. युनिकोडमध्ये, सर्व क्रमांक मजकूर म्हणून, आणि गावाचे व गटाचे कोड महसूल अभिलेखातलेच.

२. यादी चढवली की वेबपानाने ताटकळत ठेवू नये. लगेच पावती क्रमांक द्यावा, भरण्याचे काम मागे चालू राहावे आणि ते संपल्यावर तीन आकडे दाखवावेत : आलेल्या ओळी, स्वीकारलेल्या ओळी, बाजूला काढलेल्या ओळी. पहिला आकडा पुढच्या दोहोंच्या बेरजेइतका असलाच पाहिजे.

३. एक गाव हा एक गठ्ठा मानावा. गावाच्या सगळ्या तपासलेल्या ओळी एकाच कमिटमध्ये मूळ तक्त्यात जाव्यात. मध्येच वीज किंवा नेट गेले तर त्या गावाचे काहीच जाऊ नये. अर्धे गाव आत आणि अर्धे बाहेर ही स्थिती प्रणालीत संभवूच नये.

४. तीच यादी चुकून दोनदा चढली तरी नोंद एकच राहावी. हंगाम, गाव, गट आणि खातेदार मिळून प्रत्येक ओळीची ओळख ठरवली की हे डेटाबेस स्वतःच सांभाळतो.

५. बाजूला काढलेल्या ओळी त्याच दिवशी, मराठीत लिहिलेल्या कारणासह, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे परत जाव्यात. ‘एरर’ एवढाच शब्द दाखवणे हे कारण नव्हे. ‘गट नंबरचे क्षेत्र १.२० हेक्टर, यादीत १.८० हेक्टर’ असे लिहिले तर गावातच उलगडा होतो. गावाच्या चावडीवर फक्त नाव आणि कारण लागावे, आधार आणि खाते क्रमांक नाही. काम झाल्यावर कच्च्या तक्त्यातले हे क्रमांक पुसून टाकावेत.

६. प्रणालीच्या निविदेत वेगाची अट आकड्यात लिहावी आणि पूर्ण आकाराच्या यादीवर चाचणी घेतल्याशिवाय काम स्वीकारू नये. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. नऊही तालुक्यांच्या याद्या एकाच संध्याकाळी आल्या आणि त्याच वेळी सेवा केंद्रांवर केवायसी चालू असली, तर प्रणाली तग धरते का, हे पाऊस पडण्याआधी पाहावे.

७. प्रत्येक तालुक्याची यादी कधी चढली, किती वेळात भरली गेली आणि किती ओळी का अडल्या, हे हंगामानंतर जाहीर करावे. पैशाचा आकडा जाहीर होतो, तसा उशिराचाही व्हावा.

यातली कोणतीही मागणी मदतीची रक्कम वाढवत नाही की निकष सैल करत नाही. वाढीव मदत द्यायची की नाही हा राजकीय निर्णय आहे आणि त्यावर विधिमंडळात चर्चा होतच राहील. मंजूर झालेला पैसा योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचवणे ही मात्र निव्वळ प्रशासनाची जबाबदारी आहे. डेटाबेसचा तक्ता कसा भरायचा हा प्रश्न तंत्रज्ञाने सोडवावा असे आपण मानले, तर तो ठेकेदाराच्या एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहतो. त्याला दहा ओळींची चाचणी पुरेशी वाटते, कारण दहापेक्षा जास्त ओळी त्याला कोणी दाखवलेल्याच नसतात. ही अट वरून, लेखी आणि आकड्यांत आली, तरच ती पाळली जाईल.

पुढच्या खरिपाआधी एक तालुका निवडून मागच्या हंगामाच्या याद्यांवर या पद्धतीची रंगीत तालीम घ्यावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी नवा निधी लागणार नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे लोक आहेत, याद्या तहसीलमध्ये आहेत आणि चुका कुठे होतात हे ग्राम महसूल अधिकाऱ्यांना सर्वांत चांगले माहीत आहे. त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवावे, प्रणाली तयार झाल्यावर नव्हे. सलग दोन पावसाळे सोसलेला जिंतूर तालुका या तालमीसाठी योग्य आहे आणि तिच्यासाठी माझे श्रम मी विनामोबदला देण्यास तयार आहे. तालमीत जे आकडे निघतील ते आपण प्रसिद्ध करावेत. ते चांगले निघाले तर राज्यभर तीच पद्धत लागू करावी आणि वाईट निघाले तर दोष जूनपूर्वी दुरुस्त करावा.

कळावे,

आपला,
जिंतूर तालुक्यातील एक डेटाबेस अभियंता
जिंतूर, जि. परभणी